ठिबक संचातला कागद

तासगाव, कवठेमहांकाळ, जत या पट्ट्यात ठिबक घरोघरी माहीत आहे. द्राक्षबागेत ते बसवायला जाणकार फिटर येतो. परसबागेचे छोटे संच मात्र सांगली-मिरजेत लोक घरीच जोडतात. खोक्यात फिल्टर, १६ मिलिमीटरची लॅटरल म्हणजे झाडांपाशी जाणारी नळी, ड्रिपर, टी आणि एल्बो हे जोड, नळीचं टोक बंद करणारी एंड कॅप असं सगळं असतं आणि तळाशी घड्या घातलेला, जोडणीच्या सूचनांचा एक कागद. माझ्या मते तो कागद हा संचाचा सुटा भागच आहे. तो कच्चा असेल तर बाकीचे भाग कितीही चांगले असून उपयोग नाही.

ड्रिपरचं काम नीट पाहिलं की हे पटतं. ताशी ४ लिटरचा ड्रिपर सेकंदाला जेमतेम १ मिलिलिटर पाणी सोडतो. त्यासाठी त्याच्या पोटात अरुंद, नागमोडी वाट असते. त्या वळणांत दाब जिरतो आणि पाणी थेंबाथेंबाने बाहेर येतं. एवढ्या वाटेत बारीक कचराही अडकतो, म्हणून सुरुवातीला फिल्टर लावतात. १२० मेशच्या, म्हणजे इंचाला १२० भोकं असलेल्या जाळीची भोकं साधारण ०.१३ मिलिमीटरची असतात.

पण जोडणी करताना आपण लॅटरलला भोकं पाडतो, ती मातीतून ओढतो. प्लॅस्टिकचा कीस आणि माती फिल्टरच्या पुढे नळीत शिरते. तिथे फिल्टर काय करणार? म्हणून टोकं उघडी ठेवून आधी पाणी सोडायचं, नळ्या धुऊन निघाल्या की मगच एंड कॅप लावायच्या. हीच पायरी कागदाच्या शेवटी ‘टीप’ म्हणून छापली, तर वाचणारा तिथे पोहोचेपर्यंत टोकं बंद झालेली असतात. हात ज्या क्रमाने चालतात, त्याच क्रमाने मजकूर हवा. शिवाय ‘का’ हेही एका ओळीत सांगावं. कारण कळलं की माणूस पायरी गाळत नाही.

फिल्टरवरच्या बाणाचंही तसंच. उलटा बसवला तरी पाणी येतं, त्यामुळे चूक लक्षात येत नाही. गाळ मात्र जाळीच्या भलत्या बाजूला साठतो. तो बाण चित्रात ठळक दिसलाच पाहिजे.

चित्र कसं असावं, यावर चांगलं संशोधन झालेलं आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकांना टीव्हीचा स्टँड जोडायला दिला आणि मग दुसऱ्यासाठी सूचना तयार करायला सांगितलं. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या या कामातून दिसलं, की सगळे भाग एकाच आकृतीत दाखवण्यापेक्षा एकेका पायरीचं, भाग कुठे नि कसा बसतो ते दाखवणारं चित्र लोकांना जास्त उपयोगी वाटतं. त्या तत्त्वांवर बेतलेल्या सूचनांनी जोडणीला वेळ कमी लागला आणि चुकाही घटल्या.

यामागे आपल्या स्मरणशक्तीची मर्यादा आहे. हातातलं काम करताना माणूस सुमारे सात गोष्टी ध्यानात ठेवू शकतो, असं मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली मांडलं; नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये तो आकडा चारच्या आसपास आणला. जॉन स्वेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की आकृती एकीकडे आणि तिचं स्पष्टीकरण दुसरीकडे असेल, तर दोन्हींची सांगड घालण्यातच डोकं शिणतं. आकृतीत ‘क, ख, ग’ आणि त्यांचे अर्थ कागदाच्या मागच्या बाजूला, ही पद्धत म्हणूनच वाईट. भागाचं नाव भागाशेजारीच लिहावं.

संच बनवणाऱ्यांनी छपाईआधी कागद अशा माणसाच्या हाती द्यावा, ज्याने ठिबक कधी जोडलेलं नाही. जवळ बसावं, पण बोलू नये. तो जिथे थांबतो, कागद उलटसुलट करतो, ती ओळ बदलावी. नळीत जोड शिरत नसेल तर टोक क्षणभर गरम पाण्यात धरायचं, हे फिटरला इतकं सवयीचं असतं की लिहायचं राहूनच जातं. अशा गोष्टी तिथेच सापडतात.

ज्यांनी कागदात नव्हतं म्हणून नळ्या न धुताच संच सुरू केला आहे, त्यांनी एंड कॅप काढाव्यात. आधी मुख्य नळी, मग एकेक लॅटरल, पाणी नितळ येईपर्यंत वाहू द्यावी. त्यानंतरही एखादा ड्रिपर टपकत नसेल, तर तो काढून साफ करावा किंवा बदलावा.