आत्मिक वाढ (ख्रिस्ती प्राथमिक शाळेतली)

ख्रिस्ती संस्थेच्या प्राथमिक शाळेत लहान मुलांच्या आत्म्याची जी जोपासना होते तिला मराठी मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चच्या समाजात, आत्मिक वाढ म्हणतात. परिपाठातली प्रार्थना, गीतं, वचन पाठ करणं, नाताळचा कार्यक्रम हे सगळ्यांच्या पाहण्यातलं आहे, ते इथे परत सांगत बसत नाही. एक लक्षात ठेवायचं की ही जोपासना म्हणजे धर्मशिक्षण नाही, धर्मांतर तर नाहीच. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक एक टक्क्याच्या आतच होते, म्हणजे सातारा-सांगलीकडच्या अशा शाळेत वर्गातली बरीचशी मुलं ख्रिस्ती घरातली नसणार हे धरूनच चालावं लागतं.

शब्दाबद्दल. सरकारी कागदात 'आध्यात्मिक विकास' येतं, मंडळीत 'आत्मिक'. दोन्ही एकच असं बरेचजण धरतात पण तसं नाहीये. अध्यात्म हा शब्द आपल्याकडे जुना, गीतेच्या आठव्या अध्यायात तर स्वभावालाच अध्यात्म म्हटलंय, आणि पुढे संतांच्या वाङ्मयातून तो घराघरात गेला. मराठी बायबलात मात्र आत्मा आणि जीव असे दोन वेगळे शब्द चालतात, साधारणपणे ग्रीक न्यूमा म्हणजे आत्मा आणि प्सुखे म्हणजे जीव, आणि थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या शेवटी (5:23) आत्मा, जीव, शरीर अशी तिन्ही नावं एका ओळीत येतात. यावरून जुना वाद आहे. काही अभ्यासक माणसाचे खरोखर तीन भाग मानतात, काही म्हणतात हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल फक्त 'सगळाच्या सगळा माणूस' असं सांगतोय. हा वाद शाळेच्या वेळापत्रकापर्यंत येतो बरं का, कारण आत्मा हा वेगळा कप्पा धरला की त्याला आठवड्याचा एक वेगळा तास दिला की झालं, आणि माणूस अखंड धरला तर मग गणिताचा तास, डबा खायची सुट्टी, वर्गातलं भांडण मिटवणं हे सगळंच त्यात आलं. दुसरं मत जास्त पटतं, हिब्रू विचाराशी तेच जुळतं.

मुलांच्या शिक्षणाबद्दलचं बायबलातलं वचन, नीतिसूत्रे 22:6, त्याबद्दलही असंच. इंग्रजीच्या जुन्या भाषांतरात 'मुलाने ज्या वाटेने जावं त्या वाटेचं शिक्षण दे' असा अर्थ घेतलाय आणि मिशन शाळांची शिस्त बरीचशी या अर्थावर उभी राहिली असावी. मूळ हिब्रूत 'अल पी दर्को' आहे, म्हणजे शब्दशः 'त्याच्या वाटेच्या तोंडाप्रमाणे', यात 'योग्य' असा शब्दच नाही. काहींच्या मते तर हा इशारा आहे की पोराला त्याच्या वाटेने सोडलंत तर म्हातारपणीही तो वळणार नाही. मराठी भाषांतरात 'मुलाच्या स्थितीस अनुरूप' असं आहे आणि ते मूळच्या जवळ जातं असं वाटतं. मुलाची स्थिती म्हणजे त्याचं वय, घर, बोली, गाव, या भागातलं चांगलं काम या चार शब्दांवरच तोललेलं आहे.

इतिहास. साताऱ्यातलं अमेरिकन मराठी मिशनचं काम कधी सुरू झालं याची दोन वर्षं सांगतात. महाबळेश्वरला या मिशनचे मिशनरी ॲलन ग्रेव्हज राहायला आले ते 1834 च्या सुमाराचं, काहीजण तिथून मोजतात. पण साताऱ्यात कायमचं ठाणं 1849 मध्ये झालं, म्हणजे 1848 ला राज्य खालसा झाल्यावर लगेच, हेच वर्ष धरलेलं बरं. सांगलीकडचं मिशन वेगळं, ते प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाचं, कोल्हापुरात 1852 ला मिशनरी वाइल्डर यांनी सुरू केलेल्या कामातून वाढलेलं, सांगलीचं ठाणं 1884 च्या आसपासचं. अमेरिकन मराठी मिशनमागे मुख्यतः काँग्रिगेशनल हा दुसरा प्रोटेस्टंट पंथ होता, आणि त्याच पंथाचे अमेरिकन धर्मपंडित होरेस बुशनेल यांनी 1847 मध्ये मांडलं की मूल एखाद्या दिवशी अचानक पालटत नाही, ते घराच्या वातावरणातच हळूहळू वाढतं. हा विचार इथल्या शाळांपर्यंत थेट किती आला हे ठरवणं अवघड, मात्र दिशा तीच दिसते.

खरी मराठी वाट काढली ती नारायण वामन टिळकांनी. 1895 मध्ये बाप्तिस्मा, 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकाचं काम, अभंग आणि ओवीच्या चालीतली गीतं, आणि शेवटची वर्षं साताऱ्यात, जिथे 1917 मध्ये त्यांनी 'देवाचा दरबार' ही ख्रिस्तभक्तांची संगत सुरू केली. त्याआधी गीतांना विलायती चाली फार. ज्या पोराने घरी आजीच्या तोंडून जात्यावरची ओवी ऐकलीय त्याला देवाचं नाव ओवीतच भेटलं तर ते आत उतरतं, टिळकांनी हे ओळखलं.

मुलाला आत्मिक गोष्टी कळतात तरी का, यावर विसाव्या शतकात दोन बाजू पडल्या. ब्रिटिश संशोधक रोनाल्ड गोल्डमन यांनी 1964 मध्ये म्हटलं की लहान मूल ठोस वस्तूंतच विचार करतं, दाखल्यांचा म्हणजे येशूच्या बोधकथांचा अर्थ त्याला लागत नाही, घाई नको. 1998 मध्ये डेव्हिड हे आणि रिबेका नाय यांनी मुलांशी बोलून उलटं मांडलं, की स्वतःशी, माणसांशी, जगाशी, देवाशी असलेल्या नात्याचं भान मुलात असतंच, मोठ्यांनी ते दाबू नये. रोममध्ये सोफिया कावालेत्ती 1954 पासून माँटेसरी पद्धतीने हेच हाताने करून दाखवत होत्या, देवाचं राज्य मोहरीच्या दाण्यासारखं आहे हा दाखला सांगताना मुलाच्या बोटावर मोहरीचा दाणा ठेवायचा आणि गप्प बसायचं.

आपल्याकडे मोहरी फोडणीच्या डब्यातच असते. ओलं बोट बुडवून एक दाणा उचलायचा, तो डोळ्याजवळ धरायचा, आणि वर्ग आपोआप शांत होतो. हरवलेल्या मेंढराच्या दाखल्याचं तर विचारूच नका. माण-खटाव, जत-आटपाडीकडची धनगरांची मुलं दिवाळीनंतर मेंढरं कुठे कुठे जातात ते पाहिलेली असतात. नव्व्याण्णव मेंढरं रानात सोडून मेंढपाळ एकाला शोधायला गेला म्हटल्यावर अशाच एका पोराने विचारलं, "मग बाई, त्या नव्व्याण्णवांपाशी कोण थांबलं? लांडगा आला असता तर?" बाईंनी उत्तर दिलं नाही, "तू असतास तर काय केलं असतंस" एवढंच विचारलं आणि तास तिथेच संपला. पोरगं दुसऱ्या दिवशी सांगायला आलं की आमच्यात तर कुत्रं थांबतं आणि माझा थोरला भाऊ. गोल्डमन यांना हे बालिश वाटलं असतं कदाचित, पण मेंढपाळाची काळजी किती जड असते हे त्या पोराला वर्गातल्या कुणाहीपेक्षा जास्त कळलं होतं.

सांगलीत नोहाची, म्हणजे बायबलातल्या जलप्रलयाची गोष्ट ऑगस्ट 2019 च्या महापुरानंतर आधीसारखी सांगता येत नाही. जनावरांची जोडी आणि इंद्रधनुष्य असं गोड करून सांगायची सवय होती, आता ज्यांच्या घरात कृष्णा शिरली त्यांच्यापुढे आधी ऐकून घ्यावं लागतं, कुणाची म्हैस गेली, कुणाची दप्तरं. पाणी देवाने पाठवलं का, या प्रश्नाला शिक्षकांनी घाईने हो किंवा नाही म्हणू नये.

कायद्याचं थोडक्यात. घटनेच्या कलम 30 ने अल्पसंख्याकांना संस्था चालवायचा हक्क दिलाय, आणि कलम 28(3) प्रमाणे मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत कुणालाही धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसायची सक्ती करता येत नाही, मूल अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते. संमती नसलेल्या मुलाला व्हरांड्यात एकटं बसवणं हे नियमात बसलं तरी जोपासनेत बसत नाही, त्याला मूल्यशिक्षणाचं किंवा चित्रांचं काम वर्गातच द्यावं.

इंग्रजी माध्यम वाढल्यावर प्रार्थनाही इंग्रजी झाल्या, शब्द पाठ होतात पण अर्थ घरी आईला सांगता येत नाही. टिळकांची गीतं मात्र शब्बाथशाळेत (मंडळीच्या रविवारच्या बालवर्गात) आणि नाताळच्या भजनात अजून म्हणतात, टाळ-ढोलकीवर.