मूल जन्माला घालणारं क्लोनिंग आणि पेशी मिळवणारं क्लोनिंग

डॉली मेंढी सगळ्यांना माहीत आहे: १९९६, स्कॉटलंडची रोझलिन संस्था, २७७ बीजांडांवरच्या प्रयोगांतून क्लोनिंगनं, म्हणजे दुसऱ्या मेंढीच्या जनुकांची प्रत म्हणून, जन्मलेलं एक कोकरू. तिच्यावर वेळ घालवत नाही. पण 'क्लोनिंग मानवी प्रतिष्ठेच्या विरुद्ध आहे' असं कुणी सरसकट म्हणालं की मी अडवतो. कुठलं क्लोनिंग?

सुरुवात दोन्हींची एकच. बीजांडातलं केंद्रक (जनुकं असलेला गाभा) काढून शरीरातल्या पेशीचं केंद्रक बसवायचं. तयार झालेला भ्रूण गर्भाशयात ठेवला तर हेतू मूल. प्रयोगशाळेतच काही दिवसांनी त्यातून मूलपेशी (वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी बनू शकणाऱ्या पेशी) काढल्या तर हेतू संशोधन किंवा उपचार.

घोटाळा होतो तो पुढे, प्रतिष्ठा कुणाची हे न विचारल्यामुळे. पहिल्या वाटेवर ती जन्मणाऱ्या मुलाची. जनुकं सारखी म्हणून ती कमी होते, हे मला अजिबात मान्य नाही. एकसारख्या जुळ्यांना आपण अर्धी माणसं म्हणतो का? क्लोन केलेलं मूल जन्मलंच तर ते पूर्ण माणूसच असेल. अन्याय असा, की त्यानं कुणासारखं व्हायचं हे आधीच ठरवून त्याला आणलेलं असेल, एखाद्या गेलेल्या लेकराची जागा भरायला. आणि प्राण्यांत इतके गर्भ दगावताना, व्यंग घेऊन जन्मताना दिसूनही तोच धोका त्याच्या माथी मारायचा, हे क्रौर्य आहे.

दुसऱ्या वाटेवर मूलच नाही. तिथे वाद भ्रूणाच्या दर्जाचा, आणि त्याहून कमी बोलला जाणारा, बीजांडं देणाऱ्या बायकांचा. दक्षिण कोरियात शास्त्रज्ञ ह्वांग वू-सुक यांच्या क्लोनिंगवरच्या संशोधनासाठी त्यांच्याच हाताखालच्या तरुण संशोधिकांची बीजांडं वापरल्याचं २००५ मध्ये उघड झालं. साहेबाला 'नाही' म्हणणं त्या मुलींना किती जड गेलं असेल! पुढे क्लोन केलेल्या भ्रूणांतून मूलपेशी मिळवल्याचे त्यांचे दावेही खोटे निघाले. प्रतिष्ठेवर बोलायचंय तर आधी यावर बोला.

८ मार्च २००५ रोजी संयुक्त राष्ट्रांचा क्लोनिंगविरोधी ठराव ८४ विरुद्ध ३४ मतांनी झाला, तेव्हा भारत विरोधात होता. त्यावरून भारताला क्लोन मुलं हवीत असा अर्थ काढणं चूक आहे. शब्दरचना इतकी ढोबळ होती की दुसरी वाटही तिच्यात अडकत होती. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत मूल जन्माला घालणारं क्लोनिंग स्पष्टपणे निषिद्ध आहे, आणि प्रयोगशाळेत मानवी भ्रूण १४ दिवसांपलीकडे वाढवायलाही मनाई आहे. युनेस्कोच्या १९९७ च्या जाहीरनाम्यानेही प्रतिष्ठेविरुद्ध म्हणून नाव घेतलं ते पहिल्याच प्रकाराचं. मला ती मांडणी जास्त पटते.