बंदुकीचा परवाना म्हणजे तितराचा परवाना नव्हे

पीकरक्षणाच्या बंदुकीचा परवाना असला की तितर-बटेर मारता येतात, हा समज आपल्याकडच्या गावांत फार जुना आहे. तो साफ चुकीचा आहे. बंदुकीचा परवाना १९५९च्या शस्त्र कायद्याखाली मिळतो; पक्ष्यांना संरक्षण आहे ते १९७२च्या वन्यजीव कायद्याचं. परवाना काढून हौसेची शिकार करायची सोय १९९१च्या दुरुस्तीने संपली. रानडुकरं, रोही पीक नासवत असतील तर वनखात्याकडे अर्ज करून परवानगी मिळू शकते, पण ती त्या जनावरापुरतीच. गोंधळ बहुधा इथूनच होतो.

आता पोरं स्कॉटलंडचे व्हिडिओ दाखवतात. तिथे ग्राऊस पक्ष्याची शिकार कायदेशीर आहेच, १२ ऑगस्ट ते १० डिसेंबर. बाहेरून जाणाऱ्याच्या शॉटगनसाठी तिथल्या यजमानाला पोलिसांकडे अर्ज करावा लागतो. पण तो कागद तिकडेच चालतो. इकडे तुरीच्या धुऱ्यावर, गवताआड उथळ खळग्यात अंडी उबवत बसलेली तितरी एकदा बघा. तिला नुसता फासा लावला तरी कायद्याने ती शिकारच, गोळी झाडायची गरज नाही. आणि हिवाळ्यात नवेगावबांधला उतरणारी बदकं परदेशातून आली म्हणून मारायला मोकळी नाहीत.