पीपी आहे, तरी वाळवा!

"पीसवर चंदेरी रेघा येतात", "आत बुडबुडे दिसतात", "जळका वास येतो". आमच्या तंतूवाल्या पीपीबद्दल (पॉलिप्रोपिलीन, ज्याचा दाणा वितळवून मोल्डमध्ये पीस काढतात ते प्लास्टिक) फोन येतात ते याच तीन तक्रारींचे. आम्ही आधी एकच विचारतो, दाणा वाळवला होता का? उत्तरही ठरलेलं: "पीपी कोण वाळवतं?"

साधं पीपी पाणी धरत नाही, हे खरंच. पण या दाण्यात ३० टक्के उसाच्या चिपाडाचे तंतू आहेत आणि तंतूंमधलं सेल्युलोज हवेतली ओल ओढून घेतं. पावसाळ्यात पोतं रात्रभर उघडं राहिलं की झालंच. २५ किलोच्या पोत्यात १ टक्का ओल म्हणजे पाव लिटर पाणी! बॅरलमध्ये, म्हणजे मशीनच्या ज्या नळीत दाणा वितळतो तिथे, त्याची वाफ होते आणि रेघा उमटतात.

खरं नुकसान त्यापुढे होतं. रेघा दिसल्या की ऑपरेटर तापमान वाढवतो. २०० अंशांच्या वर तंतू करपू लागतात, पीस काळपट पडतो, ठिसूळ होतो. मग मोल्ड उघडा, गेट तपासा, प्रेशर बदला, यात दिवस जातो. ओल तिथेच.

म्हणून होपर ड्रायर (मशीनवरचा दाणा वाळवायचा डबा) ९० अंशांवर ३ ते ४ तास चालवा आणि बॅरल १७० ते १९० मध्ये ठेवा. जेवणाच्या सुट्टीत मशीन थांबणार असेल तर आधी साधं पीपी चालवून बॅरल रिकामं करा. आत अडकलेला माल करपतो.

"तुम्हीच वाळवून का देत नाही?" देतो की. अस्तराच्या पोत्यात, तोंड सील करून. पण पोतं फोडल्यावर लागते ती तुमच्या शेडमधली हवा.

टाल्क (खनिजाची भुकटी) घातलेल्या दाण्यापेक्षा आमचा भाव जास्त आहे, मान्य. तंतू आणि पीपी आपणहून एकमेकांना धरत नाहीत. त्यासाठी मॅलेइक अ‍ॅनहायड्राइड जोडलेलं पीपी घालावं लागतं आणि ते स्वस्त मिळत नाही. ते वगळलेला माल बाजारात आहे. त्याचा पीस एकदा वाकवून पाहा. काचतंतूवाल्या दाण्याशी तुलना केलीत तर काचेची घनता २.५ च्या आसपास, सेल्युलोजची १.५. पीस हलका होतो, बॅरलमधला स्क्रूही कमी झिजतो.

पांढराशुभ्र किंवा कायम पाण्यात राहणारा पीस काढायचा असेल तर हा दाणा घेऊ नका. लॉटगणिक रंगही थोडा बदलतो. शेवटी चिपाडंच ती.

नव्या मोल्डसाठी ५ किलो नमुना देतो, पहिल्या ट्रायलला आमचा माणूस येतो. तो पोहोचायच्या चार तास आधी ड्रायर मात्र सुरू करून ठेवा.