सेक्टर अलाइनमेंट (मोठ्या सेक्टरची हार्ड डिस्क)

मोठ्या सेक्टरच्या (सेक्टर म्हणजे डिस्क एका वेळी वाचते-लिहिते तो सर्वांत लहान तुकडा) हार्ड डिस्कवर पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा भाग, पाडताना त्याची सुरुवात डिस्कच्या खऱ्या, म्हणजे ४,०९६ बाइटच्या सेक्टरच्या सीमेवरच येईल अशी मांडणी करणे. घरातल्या सगळ्यांचे फोटो, व्हिडिओ आणि कागदपत्रे एकत्र ठेवणाऱ्या नॅसमध्ये, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेल्या साठवणपेटीमध्ये, नवी डिस्क बसवताना हे काम सर्वांत आधी करायचे असते. डेटा भरल्यावर चूक लक्षात आली तर बहुतेक वेळा डिस्क रिकामी करूनच ती सुधारावी लागते.

मुंबईच्या दहा बाय दहाच्या खोलीत प्लायवूडचे पार्टिशन घालताना सुतार ते लादीच्या सांध्यावर घेतो. ते लादीच्या मधोमध आले, तर त्या कडेची लादी दोन्ही खोल्यांची होते आणि एका बाजूचे काम काढले की दुसऱ्या बाजूलाही हात लागतो. डिस्कवरही नेमके हेच घडते. फरक इतकाच की तिथे फाइलसिस्टिमचा (फाइली डिस्कवर मांडणाऱ्या व्यवस्थेचा) प्रत्येक ब्लॉक तेवढ्याच अंतराने सरकलेला असतो, त्यामुळे कडेचीच नव्हे, सगळीच लादी अर्धी-अर्धी वाटली जाते.

पीसीच्या जगात कित्येक वर्षे सेक्टर म्हणजे ५१२ बाइट हे गणित पक्के होते. प्रत्येक सेक्टरला डेटाखेरीज मोकळी फट, खूण आणि चूकदुरुस्तीचे बाइट लागतात. ५१२ बाइटच्या सेक्टरमागे यात सुमारे ६५ बाइट जातात. तसे आठ सेक्टर मिळून ४,०९६ बाइटचा एक केला, तर त्या एकामागे सुमारे ११५ बाइट पुरतात. डेटाच्या वाट्याला येणारी जागा त्यामुळे सुमारे ८९ टक्क्यांवरून ९७ टक्क्यांवर जाते आणि चूकदुरुस्तीचा लांब कोडही बसतो. ‘ॲडव्हान्स्ड फॉरमॅट’ नावाच्या अशा डिस्क डिसेंबर २००९ पासून येऊ लागल्या, आणि जानेवारी २०११ पासून घरगुती वापराच्या नव्या डिस्क याच पद्धतीने करायचे उत्पादकांनी ठरवले. जुन्या संगणकांना त्या चालाव्यात म्हणून बहुतेक डिस्क बाहेरच्या जगाला अजूनही ५१२ बाइटचेच सेक्टर दाखवतात. त्यांना ५१२ई म्हणतात. आत-बाहेर दोन्हीकडे ४,०९६ बाइट सांगणारी ती ४केएन.

घोटाळ्याचे मूळ ६३ या आकड्यात आहे. जुन्या बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये, सेक्टरच्या क्रमांकासाठी सहाच बिट होते आणि मोजणी एकपासून सुरू होई, म्हणून एका ट्रॅकवर (तबकडीवरच्या एका वर्तुळावर) जास्तीत जास्त ६३ सेक्टर धरले जात. पहिला ट्रॅक पार्टिशन टेबलसाठी, म्हणजे पार्टिशनांच्या यादीसाठी, राखून पहिले पार्टिशन ६३ क्रमांकाच्या सेक्टरपासून सुरू करायचा रिवाज पडला, आणि विंडोज एक्सपीपर्यंत तो टिकला. ६३ ला ८ ने भाग जात नाही. विंडोज व्हिस्टापासून पार्टिशन २,०४८ व्या सेक्टरवर, म्हणजे बरोबर १,०४८,५७६ बाइटवर सुरू होऊ लागले. या आकड्याला ४,०९६ ने पूर्ण भाग जातो. लिनक्समधल्या पार्टिशन पाडणाऱ्या एफडिस्क या प्रोग्रॅमनेही पुढे हीच पद्धत घेतली.

अलाइनमेंट चुकलेली डिस्क बंद पडत नाही, कुरकुरत नाही, कुठला इशाराही देत नाही. वाचनात फरक कमीच जाणवतो. लिहिताना मात्र ४ केबीचा एक ब्लॉक दोन सेक्टरांवर सांडतो. डिस्कला ते दोन्ही आधी वाचावे लागतात, हवा तो भाग बदलावा लागतो आणि तबकडी पुन्हा फिरून त्या जागी आल्यावर लिहावे लागते. ५,४०० फेऱ्यांच्या डिस्कवर या एका फेरीला ११ मिलिसेकंद लागतात. मोठी फाइल सलग लिहिताना डिस्कची कॅश, म्हणजे तिची तात्पुरती स्मृती, बरेच सांभाळून घेते, पण गणपतीतले हजार-दोन हजार फोटो एकदम चढवले की वेग कोसळतो. मग दोष वाय-फायला दिला जातो, राउटर बदलला जातो. खरे कारण महिनोन्‌महिने सापडत नाही, आणि या चुकीतली सर्वांत वाईट गोष्ट तीच आहे.

वीज जाण्याचाही यात संबंध आहे. वाचून-बदलून लिहिण्याच्या मधेच वीज गेली, तर त्याच सेक्टरात शेजारी असलेला, आपण हातही न लावलेला डेटा बिघडू शकतो. मुंबईत वीज क्वचित जाते म्हणून घरोघरी यूपीएस नसतो. पण १२ ऑक्टोबर २०२० रोजी ग्रिडमधल्या बिघाडाने भर सकाळी शहराची वीज गेली, लोकलही जागच्या जागी थांबल्या. नॅसला छोटा का होईना, यूपीएस हवाच.

तपासणी सोपी आहे. लिनक्समध्ये पार्टिशनचा सुरुवातीचा सेक्टर पाहून त्याला ८ ने भागायचे. बाकी शून्य आली की झाले. विंडोजच्या सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये हा आकडा बाइटमध्ये दिसतो, तिथे ४,०९६ ने भागायचे. रेड (अनेक डिस्क एकत्र जोडणे), एलव्हीएम (लिनक्समध्ये डिस्कची जागा हवी तशी वाटणे), एन्क्रिप्शन असे थर एकावर एक असतील तर प्रत्येक थराची सुरुवात पाहावी. आजचे तयार नॅस बॉक्स हे सारे स्वतःच नीट करतात. जुन्या पीसीतून स्वतः नॅस उभारणाऱ्याने मात्र डिस्क सांगेल त्यावर विसंबू नये, कारण सुरुवातीच्या काही डिस्क आपला खरा सेक्टरही ५१२ बाइटचाच सांगत.

नॅसमध्ये वापरल्या जाणाऱ्या झेडएफएस या फाइलसिस्टिममध्ये ही निवड ‘ॲशिफ्ट’ नावाच्या आकड्याने होते. ९ म्हणजे ५१२ बाइट, १२ म्हणजे ४,०९६. पूलमधल्या, म्हणजे अनेक डिस्क जोडून केलेल्या साठ्यातल्या, डिस्कगटाला हा आकडा एकदा दिला की पुढे बदलता येत नाही. ९ वर बांधलेल्या गटातली डिस्क चार वर्षांनी बिघडली आणि बदली ४केएन मिळाली, तर ती बसतच नाही. १२ ठेवल्यास लहान फाइली थोडी जास्त जागा खातात. ती किंमत मोजावी आणि १२ हाताने लिहून द्यावा. नाहीतर पूल नव्याने बांधावा लागतो, आणि चार टीबी डेटा गिगाबिट केबलवरून एका दिशेने हलवायलाच दहा तास जातात, शिवाय तेवढी दुसरी डिस्क लागते.

ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावरून, वापरलेली डिस्क घेताना आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. वेस्टर्न डिजिटलच्या सुरुवातीच्या काही डिस्कवर एक्सपीसाठी ७ आणि ८ क्रमांकाच्या पिनांवर जंपर, म्हणजे दोन पिना जोडणारी छोटी टोपी, बसवण्याची सोय होती. तो बसवला की डिस्क सगळे क्रमांक एकाने पुढे सरकवते. ६३ चे ६४ होतात, पण व्यवस्थित २,०४८ चेही २,०४९ होतात. असा जंपर दिसला तर डिस्क भरण्यापूर्वीच काढावा, नंतर काढल्यास पार्टिशन सापडत नाही. दुसरी गोष्ट यूएसबी केसची, म्हणजे डिस्क यूएसबीने जोडायच्या डबीची. २ टीबीपेक्षा मोठी डिस्क एक्सपीत चालावी म्हणून काही केस ५१२ई डिस्कचे सेक्टरही ४,०९६ बाइटचे दाखवतात. अशा केसमध्ये भरलेली डिस्क बाहेर काढून थेट साटा (डिस्क जोडायच्या नेहमीच्या) केबलने नॅसला जोडली की ती कोरी भासते. तिला लगेच फॉरमॅट करू नये. डेटा जागेवरच असतो, आणि त्याच केसमध्ये परत घातल्यावर पुन्हा वाचता येतो.