नेत्रगतिमापन (मेंदूच्या हादऱ्याच्या निदानातील)

डोक्याला मुका मार बसल्यावर मेंदूचे कार्य बिघडले आहे काय, हे डोळ्यांच्या हालचाली यंत्राने मोजून पाहण्याची पद्धत. अशा बिघाडासाठी (इं. कन्कशन) वापरला जाणारा ‘मस्तिष्काघात’ हा शब्द पक्षाघाताच्या झटक्यालाही लावतात. म्हणून येथे ‘हादरा’ घेतला आहे.

डोक्याची इजा व डोळ्यांची ठेवण यांचा संबंध फार पूर्वी लक्षात आला होता. एडविन स्मिथ पपायरस या ईजिप्शियन हस्तलिखितातील आठव्या रुग्णवर्णनात कवटी फुटलेल्या माणसाचा इजेच्या बाजूचा डोळा तिरपा झाल्याची नोंद आहे. उपलब्ध प्रत इ. स. पू. १६०० च्या सुमाराची. मूळ मजकूर भाषेवरून बराच जुना असावा. वाचताना नजर सलग न सरकता झेपा घेते, या शोधाचे श्रेय फ्रेंच नेत्रवैद्य एमिल झावाल यांना देण्याचा प्रघात आहे. तथापि जर्मन शरीरक्रियावैज्ञानिक एवाल्ड हेरिंग यांनी १८७९ मध्ये पापणीवर रबरी नळ्या टेकवून, नजर झेप घेताना होणारा स्नायूंचा आवाज कानाने टिपला होता. झावाल यांच्याच प्रयोगशाळेतील लामार यांनीही तसेच प्रयोग केले. त्यामुळे श्रेय हेरिंग व लामार यांना देणे अधिक सयुक्तिक वाटते. डॉज व क्लाइन या अमेरिकन संशोधकांनी १९०१ मध्ये स्वच्छमंडलावरील (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावरील) प्रकाशाचे परावर्तन छायाचित्रित केले. आजची यंत्रे अवरक्त प्रकाशात तेच परावर्तन व बाहुलीचा मध्य टिपतात.

नजरेचे नियंत्रण मेंदूच्या मस्तिष्कस्तंभ, अनुमस्तिष्क व ललाटखंड या भागांत विखुरलेले आहे. हादऱ्याने मेंदूतील चेतातंतू ताणले गेले, तरी सीटी स्कॅन बहुधा निर्दोष येतो; दोन्ही डोळ्यांच्या हालचालींचा मेळ मात्र चुकतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०१८ मध्ये आयबॉक्स या उपकरणास ५ ते ६७ वर्षे वयासाठी मान्यता दिली. त्यात रुग्ण २२० सेकंद चित्रफीत पाहतो. इजेपूर्वीची नोंद लागत नाही. हे पूरक साधन आहे; कवटीतील रक्तस्राव नाही, असे त्यावरून ठरवता येत नाही.

खानदेशात या पद्धतीचे विशेष महत्त्व भाषेमुळे आहे. हादऱ्याच्या प्रचलित चाचण्यांत महिने उलट क्रमाने म्हणायला लावतात. चैत्र-वैशाख मोजणाऱ्या अहिराणी किंवा पावरी भाषकाने ‘डिसेंबर, नोव्हेंबर’ म्हणताना अडखळल्यास दोष मेंदूचा की प्रश्नाचा, हे कळत नाही. नजरेच्या चाचणीत हा पेच येत नाही. मात्र उन्हात राबणाऱ्यांच्या डोळ्यांवर वाढणारा वडस, जुने फूल (बुबुळावरील पांढरा डाग) किंवा तिरळेपणा असल्यास मापन बिघडते; त्यामुळे डोळे आधी तपासून घ्यावे लागतात.