इंजिनाची उंची कमी करणे

बैठ्या बांधणीच्या गाडीचे बॉनेट खाली यावे यासाठी तयार इंजिनाचा वरचा वा खालचा पसारा आखडणे, इंजिन कलते बसवणे किंवा त्याचा क्रँक (पिस्टनांची ये-जा फिरत्या गतीत बदलणारा दांडा) जमिनीजवळ आणणे. शर्यतीच्या व स्पोर्ट्‌स मोटारींत, तसेच हौसेने एकेक घडवलेल्या गाड्यांत हे केले जाते. त्यामुळे वाऱ्याला अडणारे क्षेत्र घटते आणि गुरुत्वमध्य खाली येतो.

उगमाविषयी मतभेद आहेत. कार्ल बेन्झ यांचे समोरासमोर सिलिंडर असलेले इंजिन १८९६-९७ च्या सुमाराचे. पण त्यामागे हादरे कमी करण्याचा विचार होता, उंचीचा नव्हे. उंचीसाठी उभे इंजिन आडवे पाडण्याचे श्रेय पुष्कळदा मर्सिडीज-बेंझच्या १९५२ च्या ३०० एसएल शर्यती गाडीला दिले जाते. तिच्या नळ्यांच्या सांगाड्यात उभे सहा सिलिंडर मावत नव्हते, म्हणून इंजिन डावीकडे ५०° कलवले (काही ठिकाणी ४५° असा आकडा छापलेला दिसतो, ५०° अधिक ग्राह्य). मात्र त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेतील इंडियानापोलिसच्या शर्यतीत इंजिने बनवणाऱ्या कमिन्स कंपनीच्या डिझेल गाडीने पहिल्या क्रमांकाची सुरुवातीची जागा मिळवली, आणि तिचे इंजिन जवळजवळ सपाट निजवलेले होते. या दोघांपैकी एकाने दुसऱ्याचे पाहून केले असावे, असे कालक्रमावरून वाटत नाही. कमिन्सचे इंजिन ट्रकच्या इंजिनावर बेतलेले होते, आणि बसच्या तळाखाली आडवे डिझेल इंजिन बसवण्याची रीत १९३० च्या दशकातच रुळू लागली होती. त्यामुळे या तंत्राचे मूळ शर्यतीच्या मैदानापेक्षा बसच्या तळाखाली शोधणे अधिक सयुक्तिक ठरते. पुढे जॉर्ज सॅली यांनी ऑफेनहाउझर हे शर्यती इंजिन उभ्या रेषेपासून ७२° कलवून बांधलेल्या गाडीने १९५७ व १९५८ अशी लागोपाठ दोन वर्षे इंडियानापोलिसची शर्यत जिंकली.

कलवल्याने उंची आपोआप कमी होते, ही समजूत चुकीची आहे. क्रँकच्या मध्यापासून इंजिनाचा माथा ४५० मिमी. वर आणि माथ्याची अर्धी रुंदी मॅनिफोल्डसह (सिलिंडरांत हवा नेणाऱ्या नळ्यांचा जोड) १५० मिमी. धरू. कलतेपणी वर येणाऱ्या कोपऱ्याची उंची = ४५० × कोज्या (cos) + १५० × ज्या (sin), दोन्ही कलाच्या कोनाच्या. ३०° कलवल्यावर ती ४६५ मिमी. भरते, म्हणजे इंजिन उलट १५ मिमी. उंच होते! साधारण ३७° ओलांडल्यावरच फायदा सुरू होतो. ५०° ला ४०४ आणि ७२° ला २८२ मिमी. म्हणून थोडेसे कलवून समाधान मानणाऱ्या कारागिराच्या पदरी काही पडत नाही. मॅनिफोल्ड कलाच्या खालच्या बाजूला घेतला वा माथा अरुंद ठेवला, तर मात्र कमी कोनातही लाभ मिळतो.

कलवल्यावर खरी कसोटी तेलाची असते. हेडमधून (सिलिंडरांवरचे झाकण) तेल खाली उतरण्याची भोके उभ्या इंजिनासाठी पाडलेली असतात. इंजिन आडवे झाले की तेल हेडमध्येच साचते. रचनाकार गॉर्डन मरी यांच्या १९८६ च्या ब्रॅबहॅम बीटी ५५ या फॉर्म्युला वन गाडीत बीएमडब्ल्यूचे इंजिन ७२° कलवले होते; वळणावर हेडमधले तेल नीट परत येत नसे आणि शक्ती घटे. तेलाची ओढ-नळी आणि परतीचे मार्ग नव्याने आखल्याशिवाय हा उपाय करू नये.

खालून उंची कमी करण्याचा राजमार्ग म्हणजे कोरडा संप (ड्राय सम्प). इंजिनाच्या तळाशी तेल साठवण्याऐवजी ते पंपाने ओढून वेगळ्या टाकीत ठेवतात, त्यामुळे चेंबर (तळाचे तेलाचे भांडे) उथळ करता येतो. पण पुढे फ्लायव्हील (क्रँकच्या टोकाचे जड चाक) आडवे येते. दात्यांच्या कड्यासह त्याचा व्यास २८ सेंमी. असेल, तर क्रँकचा मध्य त्याच्या तळापासून १४ सेंमी. वरच राहणार. शर्यती गाड्यांत लहान व्यासाचा अनेक प्लेटांचा क्लच वापरतात तो याचसाठी. चेंबर उथळ केला आणि फ्लायव्हील मूळचेच ठेवले, तर खर्च होतो, क्रँक खाली येत नाही.

वरून उंची घटवणे त्यामानाने सोपे. उभ्या कार्बोरेटरऐवजी आडवा बसवणे, एअर फिल्टर पाइपने बाजूला नेणे, मॅनिफोल्ड बदलणे एवढ्याने पुष्कळ साधते. फोक्सवॅगनने १९६१ च्या टाइप ३ गाडीत थंडावा देणारा पंखा वरून काढून क्रँकच्या टोकाला नेला आणि बीटल गाडीच्याच जातीचे इंजिन मागच्या डिकीच्या तळाखाली सपाट मावले.

हेड किंवा ब्लॉकचा (सिलिंडर असलेला मुख्य ओतीव भाग) माथा फेसिंग करून, म्हणजे यंत्रावर छिलून, उंची कमी होते, असे गॅरेजात ऐकू येते. प्रत्यक्षात ही घट एक मिलिमीटरही नसते. प्रीमियर पद्मिनीच्या १०८९ घनसेंमी. इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८ आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५ मिमी. दाबगुणोत्तर (पिस्टन मिश्रण किती पट दाबतो ते) ८ धरले, तर अर्धा मिमी. काढल्यावर ते सुमारे ८.३ होते. बॉनेटला अर्धा मिमी. मिळतो, इंजिनावरचा ताण मात्र वाढतो. वर कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) असलेल्या इंजिनात झडपांची वेळही मागे सरकते.

सोलापुरात या विषयाशी जवळीक असलेला उद्योग आहे. प्रिसिजन कॅमशाफ्ट्‌स ही कंपनी येथे कॅमशाफ्ट बनवते, तर किर्लोस्कर फेरसच्या येथील फाउंड्रीत ब्लॉक व हेड ओतले जातात. ओतिवाच्या भिंतीत पाण्याच्या पोकळ्या कुठून जातात, हे जाणणारे हात शहरात आहेत. ब्लॉकला करवत लावण्यापूर्वी हीच माहिती सर्वांत मोलाची.

येथील उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. बैठ्या गाडीत रेडिएटर हेडपेक्षा खाली येतो आणि हवा हेडमध्ये अडकते. त्यासाठी सर्वांत उंच जागी पाण्याची वेगळी टाकी बसवणे अनिवार्य आहे. रस्त्यांचाही विचार हवा : इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक १० सेंमी. उंच व ३.७ मी. रुंद असतो, प्रत्यक्षातले अनेक त्याहून अरुंद आणि टोकदार. क्रँक खाली आणताना चेंबर जमिनीपासून किती वर राहतो, हे आधी मोजावे.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून दूर नेणारा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तसाच निर्वाळा दिला. २०१९ च्या दुरुस्तीने प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद केली. इंजिन बदलायचे तर नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी आधी घ्यावी लागते. एमएच १३ पाटीच्या गाड्यांसाठी तो अर्ज सोलापूरच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात करावा लागतो.